बरणीच्या तोंडावर कापड

शेजारी ती कोशिंबीर असते, आमच्याकडे कचुंबर, आणि घरातल्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी आता सॅलड. भाज्या म्हणाल तर त्याच. काकडी, टोमॅटो, कांदा, मुळा, कोबी, फार तर गाजर. फरक पडतो तो वरून काय घातलं जातं त्याने. कोशिंबिरीवर दाण्याचं कूट, दही आणि हिंग-जिऱ्याची फोडणी. कचुंबरावर मीठ, हिरवी मिरची आणि लिंबू किंवा सिरका. सॅलडवर मात्र 'ड्रेसिंग' नावाची बाटली. वसई-विरार पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत मोठमोठी दुकानं उभी राहिली आणि ही बाटली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिच्यावरून आमच्या दस्तरखानावर जी चर्चा झाली, ती चवीवरून सुरू झाली आणि शेजारधर्मापर्यंत जाऊन पोहोचली. म्हणून ती लिहून ठेवावीशी वाटते.

पहिली तक्रार पैशांची होती. एवढीशी बाटली, आणि तिच्यात असतं काय? लेबल वाचायची सवय आम्हा बायकांना मुलांच्या ॲलर्जीपायी लागलेली. तेल, पाणी, साखर, स्टार्च, मीठ, टिकवण्यासाठी रसायन आणि व्हिनेगर. हे व्हिनेगरही दोन तऱ्हांचं असतं. एक फळांच्या, उसाच्या किंवा धान्याच्या रसापासून आंबवून केलेलं, आणि दुसरं ॲसेटिक ॲसिडात पाणी मिसळून केलेलं. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या प्रकारच्या बाटलीवर 'सिंथेटिक' हा शब्द आणि ते ॲसेटिक ॲसिडपासून केल्याची नोंद छापावी लागते. दोन्ही प्रकारांत ॲसेटिक ॲसिडचं प्रमाण किमान ३.७५ टक्के असावं लागतं. वाण्याकडे स्वस्तात मिळणारी पांढरी बाटली बहुधा ही सिंथेटिकच असते. ती विष नव्हे, पण तिला वास नाही, रंग नाही, पाठीमागे कुठलं झाड नाही. नुसता आंबटपणा.

मग ठरलं की ही चीज घरीच करायची. त्यात काही अवघड नाही. फ्रेंच लोक ज्याला विनेग्रेट म्हणतात, ते म्हणजे एक भाग सिरका आणि तीन भाग तेल. आम्हाला आंबट जास्त लागतं, म्हणून आम्ही एकाला दोन असं प्रमाण धरतो. चार माणसांसाठी दोन चमचे सिरका, चार चमचे तेल, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा वाटलेली मोहरी, थोडा मध, ताजी कुटलेली मिरी. जॅमची रिकामी बाटली घ्यावी, झाकण लावावं आणि पोरांच्या हाती द्यावी. दोन मिनिटं हलवली की पिवळट दाट रस तयार.

यात क्रमाला महत्त्व आहे. मीठ आधी सिरक्यात विरघळवायचं, कारण ते तेलात विरघळत नाही. तेलात टाकलं तर कण तसेच राहतात आणि एक घास अळणी, एक खारट असा प्रकार होतो. मोहरी फक्त चवीसाठी नसते. तेल आणि पाणी एकमेकांपासून पळतात. वाटलेली मोहरी तेलाच्या बारीक थेंबांभोवती राहते आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. म्हणून मोहरी घातलेलं मिश्रण बराच वेळ टिकतं, नाही तर पाच मिनिटांत तेल वर आणि सिरका खाली. ऑलिव्हचं तेल परवडलं तर उत्तम, पण आमच्या घरी तिळाचं किंवा घाण्याचं शेंगदाण्याचं तेल चालतं, आणि मुळ्या-कोबीला तेच जास्त शोभतं. पालेभाजीवर हा रस अगदी ताटं मांडल्यावरच घालावा. आधी घातला तर पान मलूल होतं. काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, तेव्हा ती आधी चिरून, निथळून घ्यावी. लसूण घातलेलं तेल मात्र ओट्यावर ठेवून देऊ नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी विषारी जंतू वाढू शकतात. ते फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-चार दिवसांत संपवावं.

बिर्याणीबरोबरचा कांदा तर आमच्याकडे पूर्वापार सिरक्यातच पडतो. पातळ चकत्या, मीठ, सिरका, झाकून अर्धा तास. कांद्याचा तिखटपणा उतरतो आणि रंग गुलाबी होतो. पोरं विचारतात, रंग घातला का? नाही. लालसर कांद्यात जे रंगद्रव्य असतं ते आंबटात गेलं की खुलतं, एवढंच. लिंबू पिळलेलं कचुंबर संध्याकाळपर्यंत कडवट होतं. सिरक्यातला कांदा दुसऱ्या दिवशीही तसाच.

आमच्या मुलींना वाटत होतं की सॅलडवर सिरका-तेल घालणं ही इंग्रजी-फ्रेंच गोष्ट आहे, आणि आपण ती आता कुठे शिकतोय. त्यांना सिकंजबीनची गोष्ट सांगावी लागली. फारसीत 'सिरका' आणि 'अंगबीन' म्हणजे मध, या दोन शब्दांचा मिळून झाला सिकंजबीन. आपली शिकंजी त्यातूनच आली. इराणमध्ये उन्हाळ्यात काहूची, म्हणजे ज्याला मराठीत सालीट आणि बाजारात लेट्यूस म्हणतात त्याची, गार कोवळी पानं सिकंजबीनमध्ये बुडवून खायची रीत जुनी आहे. हे ड्रेसिंग नाही तर काय? आम्ही ते असं करतो. एक वाटी मध आणि एक वाटी पाणी मंद आचेवर उकळायचं, अर्धी वाटी सिरका घालून आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, उतरवून पुदिन्याची जुडी बुडवायची आणि गार झाल्यावर गाळून बाटलीत भरायचं. पानं बुडवून खा, नाही तर बर्फाच्या पाण्यात घालून काकडीचा कीस टाका, इफ्तारचं सरबत तयार. हकिमांच्या दवाखान्यात सिकंजबीन आणि तुख्मे काहू ही नावं आजही ऐकू येतात.

वसईच्या मातीत तर सिरका दोन दारांनी आला. शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, हे प्राचीन बंदर. अल-मसूदीसारख्या अरब लेखकांच्या लिखाणात ते 'सुबारा' म्हणून येतं. त्या व्यापाऱ्यांच्या मुलुखात सिरक्याची केवढी किंमत होती ते बगदादच्या पाकशास्त्राच्या किताबांवरून कळतं. १२२६ मध्ये लिहिलेल्या अल-बगदादीच्या किताबाची सुरुवातच आंबट पदार्थांपासून होते, आणि त्यात पहिला मान 'सिकबाज'ला, म्हणजे सिरक्यात शिजवलेल्या मटणाला. हा सिकबाज अरबांबरोबर अंदलूसला, स्पेनला गेला आणि तिथल्या भाषांत 'एस्काबेचे' झाला. पोर्तुगीजांनीही तो उचलला. मग २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत दोनशे वर्षं ते इथे होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा व्हिनेगरही. तलवारी, तह, धर्मांतरं हे सगळं इतिहासात आहेच. पण अरबांच्या सुफऱ्यावरून युरोपात गेलेला आंबटपणा समुद्रामार्गे फिरून पुन्हा सोपाऱ्याच्या शेजारी येऊन बसला, हेही त्याच इतिहासात आहे.

पोर्तुगीजांना इथे द्राक्षं मिळाली नाहीत. ताड-माड मात्र हवे तेवढे. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ताडी-माडीचं व्हिनेगर रुजलं. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं इंदियाल त्यावाचून होत नाही. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की तिची ताडी होते. तिला कोणी हात लावला नाही आणि ती उघड्या तोंडाच्या बरणीत तशीच राहू दिली तर काही आठवड्यांत तिचा सिरका होतो. एकाच रसाच्या या तीन अवस्था. पहिली सगळ्यांना चालते, दुसरी आम्हाला हराम, आणि तिसरी?

हा प्रश्न आमच्या घरात खराखुरा उभा राहिला. शेजारच्या वाडीतल्या मावशी दर नाताळाला केक-कलकलांबरोबर घरच्या व्हिनेगरची एक बाटली पाठवत. कैक वर्षं ती येत होती आणि तिच्यात कांदे पडत होते. एका वर्षी घरातल्या शिकल्यासवरल्या मुलीने ती बाटली बाजूला ठेवली. म्हणाली, "हे दारूपासून केलेलं आहे. परत पाठवा." मुलीचा हेतू वाईट नव्हता. मोबाईलवर कुणाचं तरी बयान ऐकलं होतं. पण दादींचा चेहरा उतरला. नाताळाची बाटली परत पाठवायची म्हणजे काय निरोप पाठवायचा? आणि ईदला आपला शीरखुर्मा त्या घरी कोणत्या तोंडाने न्यायचा?

आम्ही मुफ्ती नाही. पण घरात जे ठाऊक होतं ते आधी आठवून पाहिलं. सही मुस्लिममध्ये जाबिर बिन अब्दुल्लाह यांच्याकडून आलेली हदीस मदरशातल्या पोरांनाही पाठ असते. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी घरच्यांकडे सालन मागितलं. घरात सिरक्याखेरीज काही नव्हतं. त्यांनी तोच मागवला, खाल्ला आणि त्याची तारीफ केली. सिरका हलाल यात दुमत नाही. वाद आहे तो शराबीचा सिरका झाला तर काय, याबद्दल. त्यात आमचं घर अर्धं-अर्धं. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. मोठी सून उत्तर प्रदेशातल्या घराण्यातली, हनफी. नालासोपाऱ्यात आता अशी मिश्र घरं पुष्कळ. मुंबईत जागा परवडेना म्हणून देशभरची माणसं इथे आली आणि एका मोहल्ल्यात दोन-दोन मसलक नांदू लागले.

मशिदीच्या मौलानांना विचारायचं ठरलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उलट एकच प्रश्न केला, "त्या बाई बनवतात कसं? आत काही टाकतात का?"

आम्हाला माहीत नव्हतं.

"मग मला काय विचारता? आधी त्यांना विचारून या."

त्यांनी समजावून सांगितलं. हनफी फिकहप्रमाणे शराबीचा सिरका आपोआप होवो की मीठ वगैरे घालून केलेला असो, तो हलाल. शाफई मताप्रमाणे तो आपोआप झाला असेल तर पाक, आणि त्याच्यासोबत ते भांडंही पाक. पण मुद्दाम आत काही घालून बदलवला असेल तर नाही. एखाद्या वस्तूची जातच पालटून दुसरी वस्तू होणं, याला फिकहमध्ये इस्तिहाला म्हणतात. नशा गेली, नाव गेलं, वास गेला, गुण बदलला. आता ती पूर्वीची चीज उरली नाही.

मग आम्ही मावशींच्या दारात गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या ओटीवर किती वेळा बसलो असू, पण हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. थोडं अवघडही वाटत होतं. मावशींना मात्र आनंदच झाला. हल्ली त्यांच्या सुनाही विचारत नाहीत म्हणाल्या. मागच्या पडवीत नेऊन त्यांनी चिनी मातीची बरणी दाखवली. तोंडावर मलमलचा तुकडा, सुतळीने बांधलेला.

"आत काय टाकता, मावशी?"

"काही नाही गं. टाकायचं कशाला? फक्त हलवायचं नाही आणि घाई करायची नाही."

काही घरांत तापवलेला कौलाचा तुकडा टाकतात असंही त्या म्हणाल्या. आपल्या सासूने कधी टाकला नाही, म्हणून आपणही टाकत नाही. मौलानांना हे येऊन सांगितलं तेव्हा ते हसले. शाफई घरालाही अडचण उरली नव्हती. मुलीने स्वतःच बाटली उघडली आणि कांद्यावर ओतली. तिचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. तिने प्रश्न काढला म्हणून तर आम्ही विचारायला गेलो. पण विचारण्याआधीच बाटली परत गेली असती, तर मावशी पुढच्या वर्षी पाठवत्या ना, आणि कारण काय ते दोन्ही घरांत कुणालाच कधी कळलं नसतं.

त्या बरणीवर झाकण नव्हतं, कापड होतं. त्यामागचं कारण नंतर वाचून कळलं. रसातल्या साखरेची दारू करणारे यीस्ट हवेशिवाय काम करतात. पण दारूचा सिरका करणाऱ्या जंतूंना हवा हवीच. १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी फ्रान्समधल्या व्हिनेगरच्या धंद्यासाठी हे शोधून दाखवलं. बूच घट्ट लावलं तर रस शराब होऊन बसतो. हवा मिळाली तर त्यावर एक पातळ सायीसारखा थर धरतो आणि खालचं पाणी आंबट होत जातं. आणि अगदी उघडं ठेवलं तर माश्या-चिलटं पडून नासतं. म्हणून कापड. हवा आत येते, घाण येत नाही.

त्या वर्षापासून आम्ही जांभळाचा सिरका घरी घालतो. मे-जूनमध्ये जांभळं उतरली की एक किलो पिकलेली फळं धुवायची, पूर्ण कोरडी करायची, हाताने कुस्करून बिया काढायच्या. त्यात शंभर ग्रॅम गूळ आणि अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी. सुरुवातीलाच चार मोठे चमचे जुना, न उकळलेला घरचा सिरका घालायचा, म्हणजे आंबण्याला पहिल्यापासून योग्य दिशा मिळते. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. तांब्या-पितळेच्या भांड्याला सिरका खातो. पाऊण भागच भरायची, वर कापड बांधायचं. आठ-दहा दिवस रोज लाकडी चमच्याने ढवळायचं, कारण फळाचा चोथा वर तरंगतो आणि त्यावर बुरशी धरते. मग गाळून रस परत बरणीत, आणि आता महिना-दीड महिना हात लावायचा नाही. वास झणझणीत आंबट आला, ताडीसारखा वास पूर्ण गेला की झालं. हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र मोह न धरता सगळं ओतून द्यावं. हा सिरका कचुंबराला, ड्रेसिंगला उत्तम. वर्षभराच्या लोणच्यासाठी वापरू नये, कारण त्याचा आंबटपणा किती ते घरी मोजता येत नाही. जांभळाच्या सिरक्याने साखरेचा आजार जातो असं सांगणारे भेटतील. आमच्या घरात गोळ्या घेणाऱ्यांच्या गोळ्या चालूच आहेत. फायदा झाला तो एवढाच, की बकरी ईदच्या दिवसांतही ताटाचा तिसरा भाग आता कच्च्या भाजीने भरलेला असतो आणि तो पोरं खातात.

ही कच्ची भाजी येते कुठून, हेही सांगायला हवं. वसईची भाजी, केळी, फुलं आणि विड्याची पानं ही एकेकाळी लोकलने मुंबईभर जात. वाड्यांमधली ही हिरवाई आणि विहिरींचं गोडं पाणी वाचावं म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत उमेदीची वर्षं घातली. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा या पट्ट्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांतही आपल्या घरचा माणूस गेल्यासारखा आनंद झाला होता. २०२४ च्या जुलैत ते गेले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि दरम्यान वाड्यांच्या जागी टॉवर उभे राहत गेले. त्यातल्या एका नव्या इमारतीत आमच्या नात्यातल्या जोडप्याला आडनाव ऐकून घर नाकारलं गेलं. सोसायटीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशा कहाण्या या अंकाच्या वाचकांना नव्या नाहीत. दाराला असं घट्ट बूच लावणारे तिकडेही आहेत आणि आपल्याकडेही आहेत. फरक इतकाच, की आपल्या दाराचं आपल्या हातात असतं.

मावशींच्या वाडीतला अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यात मुळा, माठ, कोथिंबीर होते. पहाटे त्यांच्याकडून आलेली मुळ्याची कोवळी पानं, आमचा जांभळाचा सिरका, घाण्याचं तेल, मोहरी आणि मध, एवढ्यावर दुपारच्या भाकरीला दुसरं कालवण लागत नाही. त्यांची रिकामी बाटली आम्ही कधी रिकामी परत करत नाही. पूर्वी त्यात खजूर भरून जात. हल्ली आमच्या बरणीतला सिरका जातो. गेल्या खेपेला त्यांनी निरोप पाठवला, रंग छान आहे, पण अजून पंधरा दिवस थांबायला हवं होतं. यंदा आम्ही थांबणार आहोत.